गणितात बावीस

मी एका पतसंस्थेत कॅशियर आहे. वीस वर्षं लोकांचे पैसे मोजतोय. संध्याकाळी रोख जुळली नाही तर फरकाचा रुपया सापडेपर्यंत खुर्चीवरून उठत नाही, अशी माझी ख्याती. अशा माणसाच्या पोराला दहावीला गणितात शंभरात २२ पडले.

१३ मे २०२५, मंगळवार. दुपारी एकला निकाल लागणार होता. काउंटरवर गर्दी होती, तरी माझं निम्मं लक्ष खिशातल्या फोनकडे. सव्वा वाजला, दीड वाजला, घरून फोन नाही. तेव्हाच समजायला हवं होतं. शेवटी टेबलाखाली मोबाईल धरून मीच त्याचा बैठक क्रमांक टाकला, आईचं नाव टाकलं. मराठी ६८, हिंदी ६१, इंग्रजी ४७, गणित २२, विज्ञान ४१, सामाजिक शास्त्रे ५९. समोर एक आजी पासबुक धरून उभ्या होत्या. त्यांना मी दोनदा पैसे मोजून दिले आणि दोन्ही वेळा चुकलो.

राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला होता. म्हणजे शंभरातले सहा राहिले आणि त्यांतला एक आमच्या घरात. पूर्वी चाळीस-पन्नास टक्के निकाल लागायचा तेव्हा गल्लीत नापास पोरांची निदान एक टोळी तरी असायची. आता नापास होणारा एकटा पडतो. गुणपत्रिकेवरही आता 'नापास' हा शब्द नसतो. पण शब्द काढला म्हणून शेजारच्या काकूंना कळायचं राहत नाही.

घरात त्याला सगळे दादा म्हणतात, धाकट्या बहिणीमुळे. मी घरी पोचलो तेव्हा दादा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी वाटभर काय काय बोलायचं ते जुळवत आलो होतो. दारात उभं राहिल्यावर तोंडातून निघालं ते एवढंच, "जेवलास का?" त्याने मान हलवली नाही. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, राहू द्या आत्ता." राहू दिलं.

त्या रात्री ही त्याच्या खोलीच्या उंबऱ्यातच अंथरूण टाकून झोपली. का, ते एकमेकांना विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या वर्गशिक्षकांचा फोन आला. त्यांनी दोन-चार समजुतीच्या गोष्टी सांगितल्या आणि १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर दिला. पोराला किंवा तुम्हालाही बोलावंसं वाटलं तर कधीही लावा म्हणाले. ही म्हणाली, कशाला, आपलं पोर काय वेडं आहे? तरी मी नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवला. चौथ्या दिवशी पहाटे हिनेच तो लावला, स्वतःसाठी. अर्धा तास बोलली. काय बोलली ते मला अजून ठाऊक नाही, पण त्या रात्रीपासून ती आपल्या जागेवर झोपायला लागली.

पुढचा आठवडा पाहुण्यांचा. प्रत्येकाच्या खिशात एक सल्ला. मेहुणे म्हणाले, कुठंतरी डोनेशन भरून सायन्सला घाला, गणित काय सुटतंय नंतर. चुलतभाऊ म्हणाला, शेती आहे की थोडी. एक जण तर बोटांचे ठसे घेऊन मुलाचा कल सांगणाऱ्या माणसालाच घरी घेऊन आला. साडेचार हजार रुपये. मी पैशाच्या बाबतीत कंजूष म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्या आठवड्यात कुणी कोंबडं ओवाळा म्हटलं असतं तरी ओवाळलं असतं. रंगीत तीस पानांचा अहवाल आला. त्यात दादाच्या सगळ्याच बुद्धिमत्ता 'उत्तम' होत्या आणि त्याला वैमानिक, संगीतकार किंवा प्रशासकीय अधिकारी होता येईल असं लिहिलं होतं. दादाने तो अहवाल चाळला आणि निकालानंतर पहिल्यांदा जरासा हसला. साडेचार हजारांत तेवढं मिळालं.

माझ्या डोक्यात मात्र एकच किडा वळवळत होता. बेरजेत काहीतरी चुकलंय. माझा धंदाच तो. शंभरात बावीस, म्हणजे अंतर्गत मूल्यमापनाचे तेरा वजा जाता ऐंशीपैकी नऊ. बीजगणितात चार, भूमितीत पाच. एवढे कमी कसे पडतील? दोन वर्षं क्लास लावला होता, फी वेळेवर भरली होती. कुणीतरी पान तपासायचं विसरलं असणार. मंडळाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, विषयाला ४०० रुपये. ती आल्याशिवाय पुनर्मूल्यांकन मागता येत नाही आणि आल्यावर पाच कामाच्या दिवसांत अर्ज करावा लागतो. मी पहिल्याच दिवशी अर्ज टाकला. दादाला सांगितलं, "बघू कोणाचं चुकलंय ते." तो म्हणाला, "नका मागवू पप्पा." मला वाटलं, खचलाय म्हणून म्हणतोय.

प्रत आली. मी ती ऑफिसच्या प्रिंटरवर छापून घेतली, लाल पेन घेतला आणि सगळे गेल्यावर तपासायला बसलो. बेरीज बरोबर होती. एकही पान तपासायचं राहिलेलं नव्हतं. राहिलं होतं ते लिहायचं. पानंच्या पानं कोरी. मध्येच एखादं गणित सुरू केलेलं, दोन ओळींनंतर काट मारलेली. पर्यायांच्या प्रश्नात आधी एक अक्षर लिहून खोडलेलं, मग दुसरं. आणि तिथे पहिलाच प्रयत्न धरतात. दोन जागी पहिलं खोडलेलं अक्षर चुकीचं होतं आणि नंतरचं बरोबर.

हे काय वाचायचं ते मला येईना. मी हिशेबाचा माणूस, गणिताचा नाही. माझं बीजगणित दहावीलाच सुटलं. आमच्या गल्लीच्या तोंडाला एक निवृत्त गणिताच्या बाई राहतात. तिथे गेलो. पुनर्मूल्यांकनाला टाकावं का, एवढंच विचारायला.

बाईंनी चष्मा लावला आणि मार्कांकडे बघितलंच नाही. पानं उलटत गेल्या. मग दोन ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारली. म्हणाल्या, "हे बघा. रीत त्याला येते. दोन समीकरणं मांडलीत बरोबर. वजाबाकी करताना उणे तीनमधून उणे पाच गेले आणि याने लिहिलं उणे आठ. इथे पुन्हा तेच. पुढे उत्तर भलतंच आलं म्हणून काट मारली. प्रत्येक ठिकाणी हेच आहे." थोडं थांबून विचारलं, "हा सहावीत कधी होता?"

मी बोटांवर मोजलं. दहावी २०२४-२५. नववी, आठवी, सातवी. सहावी २०२०-२१.

"पूर्णांक संख्या सहावीला सुरू होतात," बाई म्हणाल्या. "त्यांचे गुणाकार-भागाकार सातवीला. ही दोन वर्षं यांची शाळा कुठे झाली?"

फोनवर झाली. आणि फोन घरात एकच होता, चांगला म्हणावा असा. पतसंस्था चालूच होत्या, अत्यावश्यक सेवेत. मी रोज सकाळी निघायचो आणि फोन माझ्या खिशात यायचा. संध्याकाळी घरी आलो की दादा त्यावर वर्गाच्या ग्रुपमधले फोटो बघून वहीत उतरवायचा. गृहपाठ पूर्ण. मी वह्या बघायचो, अक्षर बघायचो, सही करायचो. आठवीपर्यंत सगळेच वर जात होते, तोही गेला. मग नववीत क्लास लावला. क्लासवाल्यांनी नववीचं शिकवलं, दहावीचं शिकवलं. उणे तीनमधून उणे पाच गेले तर काय, हे त्याला पुन्हा कुणी विचारलं नाही आणि त्यानेही कुणाला विचारलं नाही, कारण एव्हाना ते विचारायची लाज वाटायचं वय झालं होतं.

मी हे बाईंसमोर बोललो नाही. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायचा नाही एवढं ठरवून उठलो. घरी मात्र त्या रात्री दादाला सांगितलं. माफी वगैरे मागितली असं नाही, आमच्याकडे बाप पोराची माफी मागत नाही. म्हणालो, "सहावीला फोन माझ्याकडे असायचा." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "शेजारच्या दादाकडं जाऊन बसायचो मी कधी कधी तासाला. त्याच्या आईला आवडायचं नाही." हे मला पाच वर्षांत माहीत नव्हतं.

तर आता पुढे काय.

बाईंनी सांगितलं, पुरवणी परीक्षा २४ जूनपासून आहे, महिना हातात आहे, पाठवा त्याला. शाळेतून फॉर्म भरला. पण फक्त पुरवणीचा फॉर्म भरून भागत नाही, कारण बाकी सगळ्या दारांची कुलपं वेगवेगळ्या तारखांना लागतात. मी रोजकीर्दीच्या एका जुन्या वहीचं पान फाडलं आणि आडवे-उभे रकाने आखले. एका बाजूला वाटा: एटीकेटीने अकरावी, आयटीआय, डिप्लोमा, वर्ष थांबणं. वर रकाने: तारीख, फी, अंतर, नंतर काय. पान दादापुढे ठेवलं. म्हटलं, आपण भरू.

त्याने पेन घेतलं आणि आधी उजवीकडे आणखी एक रकाना आखला. वर लिहिलं, 'कोण हसेल'.

मला राग आला होता, खरं सांगतो. मग वाटलं, असू दे, त्याच्या हिशेबात ही रक्कम मोठी आहे. खोटी नोंद करण्यापेक्षा बरं. तोच रकाना त्याने सगळ्यात आधी भरला. अकरावीसमोर: 'सगळी. मित्र रेग्युलर, मी एटीकेटी.' आयटीआयसमोर: 'मामा.' डिप्लोमासमोर: 'कोणी नाही.' वर्ष थांबण्यासमोर: 'मीच.'

ज्या डिप्लोमावर कोणी हसणार नव्हतं तो आत्ता बंद होता. पॉलिटेक्निकला आधी दहावी पास लागते. एटीकेटी म्हणजे एक-दोन विषय राहिलेल्यांना अकरावीत बसायची सवलत, पण राहिलेला विषय मानेवर तसाच. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले, त्यामुळे आमच्या तालुक्यातल्या कॉलेजात पूर्वीसारखं जाऊन क्लार्कशी बोलून नाव घालता येईना. नियमित पोरांच्या फेऱ्या झाल्यावर तुमचं बघू, असं उत्तर मिळालं. हिला कॉमर्स हवं होतं. "तुमच्यासारखं बँकेत लागेल," म्हणाली. मी म्हणालो, मी बँकेत नाही, पतसंस्थेत आहे. आणि कॉमर्सला तरी त्याचं मन कुठे आहे? तिने विचारलं, मन कशात आहे? त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दादाकडेही नव्हतं. पोरांना आवड असते आणि पालकांनी ती फक्त ओळखायची असते, असं भाषणांत ऐकलंय. आमच्याकडे ओळखायला फार काही नव्हतं. क्रिकेट, मोबाईल, झोप. सोळा वर्षांचा मुलगा.

मग आम्ही दोघं आयटीआय बघायला गेलो. घरातून निघताना दादा म्हणाला, "कुणी विचारलं तर दाखला काढायला गेलोय म्हणायचं."

माझीही समजूत अशी की काही नाही तर आयटीआय आहेच, कोणालाही घेतात. प्रवेश खिडकीवरच्या बाबूने ती दोन मिनिटांत उतरवली. वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियन, त्याची गेल्या वर्षीची यादी दाखवली. शेवटचा मुलगा ऐंशीच्या वरचा होता. म्हणाला, "साहेब, बारावी सायन्सची पोरं येतात याला." दहावी नापासांना काही ट्रेड आहेत: तारतंत्री, म्हणजे वायरमन, संधाता, म्हणजे वेल्डर, नळ कारागीर, सुतारकाम. जोडारी, कातारी, वीजतंत्री, यंत्र कारागीर यांना दहावी पास लागते. जोडारी म्हणजे फिटर आणि कातारी म्हणजे टर्नर, हे मला त्या दिवशी कळलं. चाळीस वर्षं मराठी बोलतोय.

बाबू भला माणूस होता, म्हणाला, आलाच आहात तर वर्कशॉप बघून जा. फिटरच्या शॉपमध्ये पोरं रांगेत, लोखंड आवळून धरणाऱ्या शिकंज्यांपुढे उभी होती आणि लोखंडाच्या तुकड्यावर कानस चालवत होती. निदेशक सर तुकडा घ्यायचे, त्यावर गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं साधन, ठेवायचे आणि उजेडाकडे धरायचे. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेड दिसला तर तुकडा परत. एका पोराचा आमच्यासमोर तिसऱ्यांदा परत आला. रागावणं नाही, ओरडणं नाही. "उजेड येतोय," एवढंच.

दादा तिथे बराच वेळ थांबला. मी पुढे गेलो, परत आलो, तरी तिथेच. परतीच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "त्याला कळत होतं कुठं चुकलं ते." मी विचारलं, "मग आवडलं का?" तो म्हणाला, "आवडलं असं नाही. पण कळत होतं." मी रकान्यांच्या पानावर ही नोंद कुठे करायची ते बघत होतो. तशी जागा नव्हती.

आता खरा पेच सुरू झाला. आयटीआयचे अर्ज चालू झाले होते. नापास म्हणून आत्ता वेल्डर किंवा वायरमनला अर्ज केला तर पहिल्या फेऱ्यांतच जागा मिळण्यासारखी होती. थांबलो आणि गणित सुटलं तर फिटर-टर्नर उघडणार, पण पुरवणीचा निकाल जुलैच्या अखेरीस, तोवर चांगल्या जागा भरलेल्या. थांबलो आणि गणित सुटलंच नाही तर हातचं गेलं आणि पळतंही गेलं. मी धोका न घेणारा माणूस. ठेवीदार मुदत ठेवीबद्दल विचारतात तेव्हाही मी एक वर्षाचीच सुचवतो. म्हणून माझं मत, वायरमन घे. दोन वर्षांचा ट्रेड आहे, काम कधी कमी पडत नाही, गणित नंतर सोडव. हे मत आजही चुकीचं वाटत नाही. वायरिंगचं काम करणारी, दहावीही न झालेली माणसं आमच्या संस्थेत माझ्या पगाराच्या दुप्पट ठेव ठेवतात.

दादा म्हणाला, "मी गणिताला बसतो आधी."

मी विचारलं, का? टर्नर-फिटर व्हायचंय म्हणून? तो म्हणाला, "नाही. बाईंकडं उणे-अधिक कळायला लागलंय म्हणून."

हे कारण माझ्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. तरी मी गप्प बसलो. ही माझ्यावर चिडली, मेहुणे तर म्हणाले की पोराच्या हातात लगाम दिलाय. दिला होता खरा. आधीचे सगळे निर्णय मीच घेतले होते आणि त्यांची छायाप्रत मी वाचली होती.

बाईंची पद्धत वेगळी होती. पहिले दहा दिवस त्यांनी दहावीचं पुस्तक उघडूच दिलं नाही. सहावी आणि सातवीची पुस्तकं शेजारच्या मुलीकडून आणवली. त्यात संख्यारेषा होती. सोळा वर्षांचा, मिसरूड फुटलेला मुलगा संख्यारेषेवर उड्या मोजतोय, हे बघून धाकटी हसायची. तिला बाईंनी बोलावून घेतलं आणि त्याच्याबरोबर बसवलं. दोघांची शर्यत लावायच्या.

अकराव्या दिवशी प्रश्नपत्रिका घेतली आणि त्याच्यापुढे हिशेब मांडला. हा हिशेब मला फार आवडला, म्हणून इथे देतो. प्रत्येक पेपर चाळीसचा. पहिल्या प्रश्नात पर्यायांचे चार आणि एका ओळीच्या उत्तरांचे चार. दुसऱ्यात 'कृती पूर्ण करा'चे चार, तिसऱ्यात तशाच कृतीचे तीन. कृतीत पायऱ्या छापलेल्या असतात, रिकाम्या चौकटी भरायच्या. म्हणजे एका पेपरात पंधरा, दोन पेपरांत तीस मार्क असे, की ज्याला उणे-अधिक येतं आणि जो घाबरून खोडत नाही त्याला त्यांतले बरेच मिळतात. शाळेने सांगितल्याप्रमाणे अंतर्गतचे तेरा कायम राहणार होते. ३५ ला हवेत आणखी २२. "बाकीच्या गणितांकडे बघूच नको," असं त्या म्हणतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "बाकीच्यांत तुला कुठलं सोपं वाटतं ते तू शोध. एक धडा तुझा."

त्याने अर्थनियोजन निवडलं. जीएसटी, शेअर्स. आणि ते शिकवायला मला बसवलं. पतसंस्थेच्या स्टेशनरीची बिलं घरी आणली: अठरा टक्के जीएसटी, नऊ केंद्राचा, नऊ राज्याचा. त्याने मला विचारलं की दुकानदार आधी खरेदीवर भरतो आणि मग विक्रीवर घेतो, तर मग त्याच्या खिशातून किती जातात? मी ते रोज हाताळतो, तरी सांगताना अडखळलो. तो वहीत मांडून मोकळा झाला. त्या संध्याकाळी मी निकालानंतर पहिल्यांदा आमच्या कराडच्या प्रीतिसंगमावर, कृष्णा-कोयनेच्या काठी, फिरायला गेलो. तो बरोबर आला नाही. पेपर होता दोन दिवसांवर.

परीक्षेबद्दल सांगण्यासारखं नाही. पाऊस होता. वर्गात आसपासच्या गावांतली पोरं होती, एकमेकांची नजर चुकवणारी. पहिल्या पेपरानंतर दादा म्हणाला, "खोडलं नाही."

निकाल लागेपर्यंत महिनाभर घरात ताण होता तो मेच्या ताणापेक्षा वाईट. आयटीआयच्या फेऱ्या एकामागून एक होत होत्या. वायरमनच्या जागा भरल्याचं कळलं तेव्हा मी दोन दिवस त्याच्याशी नीट बोललो नाही. आता ते आठवून बरं वाटत नाही.

जुलैच्या शेवटी निकाल. बीजगणित १४, भूमिती १०, अंतर्गत १३. सदतीस. पाच उत्तम विषयांची टक्केवारी ५५.२० झाली. गंमत म्हणजे त्या पाचांत गणित नाहीच. सगळ्यात कमी तेच म्हणून तेच गळलं. ज्या विषयाने अडीच महिने घर ढवळून काढलं त्याचा टक्क्यांत एक कणही नाही. मी हे दादाला दाखवलं. त्याला यात गंमत वाटली नाही.

डिप्लोमाच्या फेऱ्यांत पंचावन्न टक्क्यांना आमच्या जवळपास हवी ती शाखा मिळण्याची चिन्हं नव्हती. दूरच्या खासगी कॉलेजांची फी ऐकून मी रकान्यात आकडा लिहिला आणि दादाने स्वतःच त्यावर काट मारली. आयटीआय करून पुढे डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे बाबूने सांगितलं होतं. ते त्याने पानाच्या तळाशी लिहून ठेवलं होतं, मला नकळत.

आयटीआयच्या शेवटच्या समुपदेशन फेरीला आम्ही तिघं गेलो, ही पण आली. सभागृहात पोरं आणि बापं. नावं पुकारत होते, फळ्यावर उरलेल्या जागा खोडत होते. आपलं नाव येईपर्यंत फळ्यावरची प्रत्येक काट पोटात जाणवते. फिटर संपला. आमच्या गावच्या संस्थेत आमच्यासाठी उरलं काही नाही. तीसेक किलोमीटरवरच्या दुसऱ्या तालुक्यात कातारी होता, जागा दोन. दादाचं नाव आलं. त्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी काहीच खूण केली नाही. करायची होती, पण कुठली करू ते कळलं नाही. तो पुढे वळला आणि म्हणाला, "टर्नर."

हिने बाहेर आल्यावर विचारलं, "टर्नर म्हणजे काय हो?" मी सांगितलं, लेथवर, म्हणजे लोखंड फिरवून कापायच्या यंत्रावर, काम. "म्हणजे मशीन इंजिनिअरिंग," ती म्हणाली. अजूनही पाहुण्यांना तेच सांगते. मामा हसला, अपेक्षेप्रमाणे. मग दिवाळीत त्याचाच ओळखीचा तासवड्याच्या एमआयडीसीतला एक वर्कशॉपवाला म्हणाला की चांगला टर्नर मिळत नाही, तेव्हा मामा गप्प झाला. पण तासवड्यात पगार काय देतात, हे मी त्या माणसाला विचारलं आणि आकडा ऐकून मीही गप्प झालो. तेवढ्यासाठी दोन वर्षं, हा विचार मनात आला. तो मी इथेच लिहितोय, घरात बोललो नाही.

रोज पहाटे उठून पावणेसातची एसटी. विद्यार्थी पासमुळे भाडं तिसरा हिस्साच लागतं. पहिले दोन महिने हात सोलवटून आला. टर्नर झाला म्हणून कानस चुकत नाही. दोनदा म्हणाला, सोडतो. एकदा खरंच गेला नाही, आठवडाभर. मी काही बोललो नाही. आठव्या दिवशी स्वतःच गेला. का ते विचारलं नाही, आणि कुठल्या निदेशकांचा फोन आला होता हे पुढे धाकटीकडून कळलं.

गेल्या आठवड्यात जेवताना त्याने वही पुढे केली. त्यात एका तिरक्या होत गेलेल्या दांड्याचं चित्र होतं. एका टोकाचा व्यास मोठा, दुसऱ्याचा लहान, मधली लांबी दिलेली. लेथचा स्लाइड किती अंशांत वळवायचा ते काढायचं होतं. "पप्पा, यात टॅन लागतो," तो म्हणाला. "भूमितीत होता तो. त्रिकोणमितीतला."

मी वही हातात घेतली, चष्मा पुसला, चित्राकडे बघितलं. त्रिकोणमिती मी १९९४ साली पेपरानंतर सोडली ती सोडलीच. तसं सांगितलं.

"बरं," म्हणाला, हात धुतले आणि वही घेऊन गल्लीच्या तोंडाला गेला. साडेनऊ वाजले होते. ही म्हणाली, अहो, एवढ्या रात्री बाईंना कशाला त्रास? मी दारात जाऊन बघितलं. बाईंच्या व्हरांड्यातला दिवा लागला होता.